निरोप आणि निकाल : मच्छीमार कुटुंबाच्या ताटातुटीच्या चित्रातील भाव व अर्थ

१. प्रश्नाची मांडणी

समुद्रावर निघालेला पुरुष आणि काठावर उरलेले त्याचे घर हा एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चित्रकलेचा आवडता विषय होता. एड्रियाटिकच्या काठापासून हॉलंड, डेन्मार्क आणि इंग्लंडमधील कॉर्नवॉलपर्यंत तो पुन्हा पुन्हा रंगवला गेला. या सगळ्या चित्रांना आपण एकच विशेषण लावून मोकळे होतो: करुण. पण निघणारी नाव, न दिसणारी नाव आणि न परतलेली नाव ही तीन वेगळी चित्रे आहेत. तिन्ही करुणच म्हणायची असतील तर त्या शब्दाने कोणत्याच चित्राविषयी काही कळत नाही.

या विवेचनात तीन प्रश्न घेतले आहेत. चित्रातील भाव नेमका कशात असतो, विषयात, चेहऱ्यांत की रचनेत? निरोपाचा भाव आणि मृत्यूचा भाव यांना वेगळे करणारी गोष्ट कोणती? आणि चित्रकाराच्या आयुष्यात घडलेली घटना चित्राच्या अर्थात किती धरावी? मुख्य उदाहरण म्हणून लेओपोल्ड रोबेर या स्विस चित्रकाराचे ‘एड्रियाटिकच्या मच्छीमारांचे प्रस्थान’ हे चित्र घेतले आहे. १८३५ साली, रोबेरच्या आयुष्याच्या अखेरीस, ते त्याच्या हातून सुटले. आज ते स्वित्झर्लंडमधील न्यूशातेलच्या संग्रहालयात आहे.

विश्लेषणाचे साधन म्हणून रसविचार वापरला आहे. परक्या चित्राला आपले शास्त्र लावणे काहींना ओढूनताणून केलेले वाटेल. परंतु नाट्यातले रस चित्राला लावण्याचे काम आपल्या परंपरेने फार पूर्वीच केले आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र नऊ चित्ररस सांगते. घरात शृंगार, हास्य आणि शांत एवढेच रंगवावेत, राजसभेत व देवालयात सर्व रस चालतील, असा भेदही ते करते. साधन कोणत्या देशात घडले हा मुद्दा गौण आहे. त्याने चित्रात अधिक दिसते की नाही, एवढे पाहावे.

२. चित्रकार आणि ऋतुचक्राची योजना

रोबेरचा जन्म १७९४ साली ला शो-द-फाँजवळच्या लेझ एप्लात्यूर या गावी झाला. तो आधी उत्कीर्णन शिकला आणि नंतर पॅरिसला दाव्हीदच्या चित्रशाळेत गेला. रोमला जाण्यासाठीचे फ्रेंच पारितोषिक मिळवण्याची त्याची धडपड होती. पण १८१५ नंतर न्यूशातेल पुन्हा प्रशियाच्या राजाकडे गेले, रोबेर फ्रेंच उरला नाही आणि ती वाट बंद झाली. अखेर एका आश्रयदात्याच्या मदतीने तो १८१८ मध्ये रोमला पोहोचला. तिथे कैदेत ठेवलेल्या डाकूंची आणि त्यांच्या बायकांची चित्रे काढून त्याने नाव मिळवले. दाव्हीदकडून आलेली रेषेची शिस्त आणि इटलीतल्या साध्या लोकांविषयीची ओढ या दोन गोष्टींवर त्याची पुढची सगळी चित्रकला उभी आहे. प्राचीन वीरांसाठी राखलेला भारदस्तपणा त्याने शेतकऱ्याला आणि मच्छीमाराला दिला.

इटलीचे चार प्रदेश आणि चार ऋतू यांची चार मोठी चित्रे करायची, अशी त्याची योजना होती. वसंतासाठी नेपल्सचे लोक घेतले: मादोन्ना देल आर्कोच्या यात्रेहून परतणारा मेळा (१८२७). उन्हाळ्यासाठी रोमजवळच्या पोंतीन दलदलीत कापणीला येऊन पोहोचलेले मजूर (१८३०). हे दुसरे चित्र १८३१ च्या पॅरिस सालोंमध्ये गाजले आणि जर्मन कवी हाइनरिख हाइने याने त्यावर आवर्जून लिहिले. शरदासाठी टस्कनीतील द्राक्षांची तोडणी ठरली होती, पण ते चित्र झालेच नाही. हिवाळ्यासाठी व्हेनिस होते.

व्हेनिसचा हिवाळा म्हणजे कार्निव्हल, म्हणून आधी विषयही कार्निव्हलचाच ठरला होता. १८३२ मध्ये तिथे गेल्यावर मात्र रोबेरने तो बाजूला ठेवला आणि खाडीच्या दक्षिण टोकाला असलेल्या किओज्जाच्या मच्छीमारांकडे वळला. मुखवट्यांचा उत्सव सोडून थंडीत दर्यावर निघणारी माणसे घेणे, हा चित्राच्या भावासंबंधीचा पहिला निर्णय होता. तो कुंचला उचलण्यापूर्वीच झाला होता.

या चक्रात आणखी एक गोष्ट आहे आणि आपल्या प्रश्नासाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. पहिले चित्र परतण्याचे आहे, दुसरे येऊन पोहोचण्याचे आणि शेवटचे निघण्याचे. पहिल्या दोन्हींत माणसांची चाल चित्राच्या आत संपते: मेळा घरी येतो, मजूर शेतावर येतात. मच्छीमारांच्या चित्रात चाल सुरूच व्हायची आहे, आणि ती जिथे संपेल ती जागा चौकटीत नाही. म्हणून हे चित्र आधीच्या दोन्हींपेक्षा गंभीर वाटते. पण ते ऋतुचक्राचा भाग आहे हेही विसरता येत नाही. चक्रात हिवाळ्यानंतर वसंत येतो आणि वसंताचे चित्र परतणाऱ्यांचे आहे. या मुद्द्याकडे पाचव्या भागात पुन्हा यायचे आहे.

३. विषयात भाव नसतो

मच्छीमार कुटुंबाची ताटातूट हा विषयच करुण आहे, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर किओज्जातच मिळते. रोबेरच्या सत्तर वर्षे आधी, १७६२ मध्ये, कार्लो गोल्दोनीने याच गावातल्या मच्छीमार घरांवर नाटक लिहिले. त्यातले पुरुष समुद्रावर असतात, बायका दारात बसून लेस विणतात, गप्पा मारतात, कुरकुरतात. पुरुष परततात तेव्हा क्षुल्लक कारणावरून गावभर भांडण पेटते आणि शेवटी लग्ने जुळतात. गाव तेच, व्यवसाय तोच, पुरुषांचे जाणे-येणे तेच, आणि नाटक मात्र अस्सल विनोदी.

विषय हा रसाचा कच्चा माल आहे, रस नव्हे. गोल्दोनीने परतण्याची बाजू निवडली आणि माणसांना बोलके केले. रोबेरने निघण्याची बाजू निवडली आणि त्यांना गप्प केले. बोलण्याला भरपूर वाव असलेल्या गावातून त्याने मौन उचलले. तेव्हा भाव शोधायचा तर कलावंताने केलेल्या निवडींमध्ये शोधला पाहिजे.

४. रचना आणि भावसामग्री

चित्रात धक्क्यावरची तयारी आहे. मध्यभागी तांडेल उभा आहे आणि त्याच्याभोवती जाळी, दोर, शिडे यांची आवराआवर करणारे लहानमोठे पुरुष आहेत. एका कडेला स्त्रिया आहेत: बसलेली म्हातारी, आणि तान्हे मूल कुशीत धरलेली तरुण आई. माणसे पुढे, मोठ्या आकारात आणि जवळजवळ एका पट्टीत मांडली आहेत, देवळाच्या भिंतीवरील शिल्पपट्टासारखी. समुद्राला फार थोडी जागा आहे. वादळ नाही, उसळती लाट नाही. आलिंगन नाही, हात हलवणे नाही, रडणे नाही.

आता रसशास्त्राच्या क्रमाने पाहू.

आलंबन विभाव म्हणजे ज्याच्या आधाराने भाव उभा राहतो ती व्यक्ती. प्रवासी पतीची वाट पाहणाऱ्या नायिकेला शास्त्रात प्रोषितभर्तृका म्हटले आहे. पुढे काही शास्त्रकारांनी पती निघण्याच्या बेतात आहे अशा नायिकेची, प्रवत्स्यत्पतिकेची, वेगळी गणना केली. रोबेरच्या चित्रातली तरुण स्त्री या दुसऱ्या वर्गात बसते. परंतु आपल्या काव्यातली नायिका बहुधा एकटी असते, फार तर सखी सोबत. इथे विरह एकटीचा नाही. तिच्या एका बाजूला वृद्धत्व आहे आणि कुशीत अजाणपण. म्हातारीने असे निरोप पूर्वी पाहिलेले असणार, तरुणी तो आता सोसते आहे, आणि तान्ह्याला त्याची खबर नाही. एकाच प्रसंगाचे ज्ञान तीन पिढ्यांत तीन मापांनी वाटले गेले आहे. चित्राची पहिली मोठी युक्ती ही आहे. भाव एका चेहऱ्यावर न साठवता तो वयांमधल्या अंतरात ठेवला आहे.

स्थायीभाव, म्हणजे रसाच्या मुळाशी टिकून राहणारा भाव, हाही त्यामुळे एक राहत नाही. पत्नीची रती, म्हातारीचे आणि तरुण आईचे वात्सल्य, तांडेलाचा उत्साह हे तिन्ही शेजारी शेजारी नांदतात. वात्सल्याला स्वतंत्र रसाचा मान साहित्यदर्पणकार विश्वनाथाने दिला. मच्छीमार कुटुंबाचे चित्र वाचताना तो मान्य करावाच लागतो. केवळ पतिपत्नीचा विरह म्हणून हे चित्र वाचले तर निम्मी माणसे शोभेपुरती उरतील.

उद्दीपन विभाव म्हणजे भावाला वर काढणारी परिस्थिती. इथे ती ऋतूत आणि साधनांत आहे. हिवाळा आहे. जाळी गोळा होत आहेत. दोर, शीड आणि जाळे ही कामाची हत्यारे तर आहेतच, पण निघायची वेळ किती जवळ आली आहे हेही तीच सांगतात. रोबेरने घड्याळ, मावळता सूर्य असली उघड काळखूण न वापरता काम किती उरले आहे त्यावरून वेळ मोजली. जाळे पूर्ण गोळा झाले की निरोपाचा वेळ संपला.

अनुभाव म्हणजे भावाचे शरीरावर उमटलेले चिन्ह. या चित्राचे वैशिष्ट्य असे की अनुभाव जवळजवळ रोखून धरले आहेत. पुरुष ताठ उभे आहेत किंवा कामाला वाकले आहेत. स्त्रिया थांबलेल्या आहेत. उभे राहणे आणि थांबणे यांतला विरोध हाच इथला मुख्य अनुभाव. पुरुषांच्या देहांना दिशा आहे, स्त्रियांच्या देहांना फक्त जागा आहे. सात्त्विक भावांपैकी अश्रू, कंप, वैवर्ण्य काही नाही, असलाच तर स्तंभ, म्हणजे देहाचे थिजणे, आहे. दाव्हीदच्या शाळेतून आलेली ठाशीव बाह्यरेषा या स्तंभाला मदत करते, कारण अशी रेषा माणसाला हलू देत नाही.

संचारी, म्हणजे येऊनजाऊन असणाऱ्या, भावांत चिंता आणि शंका स्पष्ट आहेत, विषादाची छटा आहे, आणि सर्वांवर धृतीचे झाकण आहे. रोबेरच्या चित्रांविषयी नेहमी घेतला जाणारा एक आक्षेप इथे विचारात घेतला पाहिजे. तो एकेक आकृती वेगळी अभ्यासून मग जुळवीत असे, त्यामुळे त्याची माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, असे म्हणतात. इतर विषयांत हा दोष ठरेल. निरोपाच्या चित्रात तोच दोष कामी आला आहे. जे आताच एकमेकांपासून तुटणार आहेत ते चित्रातही किंचित तुटलेलेच आहेत. ताटातूट घडण्यापूर्वीच रचनेत तिची सुरुवात झाली आहे.

५. विप्रलंभ की करुण

आता विवेचनाच्या गाभ्याकडे वळू. प्रिय माणसाचा वियोग दोन रसांना जन्म देऊ शकतो, विप्रलंभ शृंगाराला आणि करुणाला. चिंता, ग्लानी, दैन्य, स्मृती अशी पुष्कळ संचारी भावांची सामग्री दोघांत सारखी असते. मग भेद कशाने करायचा? नाट्यशास्त्राने तो एका कसोटीने केला आहे: अपेक्षा. विप्रलंभ सापेक्ष असतो, पुन्हा भेट होईल ही आशा त्यात जिवंत असते. करुण निरपेक्ष असतो, तिथे आशेचा धागा तुटलेला असतो. दुःख किती तीव्र आहे यावर रस ठरत नाही. पुढे काय होणार हे खुले आहे की बंद, यावर ठरतो. पुढच्या शास्त्रकारांनी विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार केले. त्यातला करुणविप्रलंभही मृत्यूनंतर पुनर्भेटीची आशा असेल तेव्हाच मानला. म्हणजे तिथेही कसोटी तीच.

ही कसोटी चित्राला लावताना एक अडचण येते. नाटकात शेवटचा अंक असतो, काव्यात शेवटचे कडवे असते, चित्राला मात्र एकच क्षण मिळतो. मग भविष्य खुले की बंद हे चित्र कसे सांगणार? त्याला एकच मार्ग आहे. चौकटीत पुरावे ठेवायचे किंवा ठेवायचे नाहीत. निरोपाच्या चित्राचा रस म्हणूनच पुराव्यांवर ठरतो. चित्राने निकाल दिला असेल तर करुण, राखून ठेवला असेल तर विप्रलंभ.

रोबेरच्या चित्रात निकालाचा एकही पुरावा नाही. फुटलेली नाव नाही, वादळ नाही, शोकवस्त्र नाही. उलट चित्र ज्या ऋतुचक्रासाठी योजले होते त्यात निघण्याच्या पुढे परतण्याचे चित्र येते. म्हणून रसदृष्ट्या ते प्रवासहेतुक विप्रलंभाचे चित्र आहे, वात्सल्याने रुंद झालेले आणि शंकेने झाकोळलेले. शंका हा संचारी भाव आहे, स्थायी नव्हे. ती येते आणि जाते, चित्राची मालकी तिच्याकडे नाही. या चित्राला करुण म्हणणारा समीक्षक संचारी भावाला स्थायीच्या आसनावर बसवतो.

६. तुलना : न दिसणारी नाव आणि न परतलेली नाव

कसोटी खरी असेल तर ती इतर चित्रांवरही चालली पाहिजे. तीन चित्रे पाहू.

डेन्मार्कच्या उत्तर टोकाला स्कागेन येथे राहणाऱ्या मिकाएल आंकर याने १८८० च्या सुमारास एक चित्र रंगवले. त्याच्या शीर्षकाचा आशय असा: तो टोक पार करील का? किनाऱ्यावर मच्छीमारांचा घोळका उभा आहे, जाड मेणकापडी पोशाखात, सगळ्यांच्या नजरा समुद्राकडे. ज्या नावेकडे ते पाहत आहेत ती चित्रात नाही. शीर्षक प्रश्नार्थक आहे आणि उत्तर चौकटीबाहेर ठेवले आहे. इथे कुटुंब नाही, त्यामुळे रती-वात्सल्यही नाही. तरी अपेक्षेची रचना रोबेरसारखीच आहे, फक्त ताण शिगेला पोहोचलेला. रोबेरमध्ये शंका दूरची आहे, आंकरमध्ये ती पुढच्या काही मिनिटांची आहे. निकाल दोघांनीही दिलेला नाही.

हॉलंडच्या योझेफ इस्राएल्स याने झांडफोर्टच्या मच्छीमारांमध्ये राहून १८६१ च्या सुमारास बुडालेल्या मच्छीमाराला वाहून आणणाऱ्यांचे मोठे चित्र केले. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पुढे मुलांना धरून चालणारी स्त्री, मागे मृतदेह वाहून नेणारे पुरुष. इथे पुरावा म्हणून देहच आहे. अपेक्षा संपली, रस निःसंदिग्ध करुण. चित्र मोठे प्रभावी आहे, पण प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. त्याने फक्त पाहायचे आणि हळहळायचे.

तिसरे चित्र सर्वांत शिकवणारे आहे. फ्रँक ब्रॅम्ली कॉर्नवॉलच्या न्यूलिन या मच्छीमार गावात जमलेल्या चित्रकारांपैकी एक. त्याचे ‘निराश पहाट’ १८८८ मध्ये रॉयल अकादमीत लागले आणि चँट्री निधीतून देशासाठी विकत घेतले गेले. आता ते टेट संग्रहात आहे. त्यात समुद्रकिनारा नाही, घराचे आतले दालन आहे. जमिनीवर कोसळलेली तरुण स्त्री, तिचे डोके मांडीवर घेऊन तिच्यावर वाकलेली वृद्धा. खिडकीबाहेर खवळलेला समुद्र आणि राखी उजेड. खिडकीत विझत आलेली मेणबत्ती. टेबलावर पांढरे कापड अंथरून मांडलेले जेवण. उघडे ठेवलेले बायबल. भिंतीवर राफाएलच्या एका रचनेची छापील प्रत, तिच्यात ख्रिस्त पीटरवर जबाबदारी सोपवतो आहे. पीटर स्वतः मच्छीमार होता.

देह नाही, नाव नाही, बातमी आणणारा माणूस नाही. तरी निकाल लागलेला आहे. तो वस्तूंनी दिला आहे. रात्रभर तेवत ठेवलेली मेणबत्ती संपली, म्हणजे रात्र संपली. जेवण मांडलेलेच राहिले, म्हणजे जेवणारा आला नाही. पहाट झाली, म्हणजे आता वाट पाहायला निमित्त उरले नाही. विप्रलंभातली प्रत्येक आशेची खूण, दिवा, ताट, प्रार्थना, इथे उलटी होऊन पुराव्याच्या बाजूला गेली आहे. विप्रलंभाचे करुणात रूपांतर होते तो नेमका क्षण ब्रॅम्लीने पकडला आहे. भिंतीवरचा मच्छीमार पीटर आणि उघडे बायबल या दोन गोष्टींमुळे थोडी अपेक्षा शिल्लक राहते, पण ती या जगातल्या भेटीची नाही. श्रद्धाळू प्रेक्षक त्या बाजूने चित्र वाचू शकतो. आपल्या शास्त्राच्या भाषेत तो करुणाचा शांताकडे झुकाव म्हणता येईल.

१८८८ च्या प्रेक्षकाला हे पुरावे वाचायला कोणी शिकवावे लागले नाही. सातच वर्षांपूर्वी, १४ ऑक्टोबर १८८१ रोजी, स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर आयमथच्या परिसरात एका वादळात १८९ मच्छीमार बुडाले होते, कित्येक तर बंदराच्या तोंडाशी, घरच्यांच्या डोळ्यांदेखत. चार्ल्स किंग्जलीची तीन मच्छीमारांवरची १८५१ सालची कविता गाणे होऊन घरोघरी पोहोचली होती, आणि तिच्यातली ओळ न्यूलिनच्याच वॉल्टर लँगलीने आपल्या चित्राला शीर्षक म्हणून दिली होती. चित्र जे पुरावे ठेवते ते प्रेक्षकाच्या जगातूनच उचललेले असतात. ते जग बदलले की पुरावे मुके होतात. आज मांडलेल्या टेबलाचा अर्थ कळतो, पण विझत्या मेणबत्तीवरून किती रात्र गेली हे ओळखणारा प्रेक्षक विरळा.

७. चित्रकाराच्या मृत्यूची सावली

आता रोबेरच्या चित्राला करुण का म्हटले गेले हे पाहू. कारण चौकटीत नाही, चौकटीबाहेर आहे. २० मार्च १८३५ रोजी व्हेनिसमध्ये रोबेरने आत्महत्या केली. बरोबर दहा वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, त्याच्या भावानेही स्वतःचे आयुष्य संपवले होते. शार्लोत बोनापार्ट या विधवा राजकन्येवर रोबेरचे प्रेम होते आणि ते सफल होण्यासारखे नव्हते, हेही पुढे सर्वांना कळले. मच्छीमारांचे चित्र पूर्ण करायला त्याला मोठे कष्ट पडले होते. ते त्याने पुन्हा पुन्हा बदलले होते. पॅरिसच्या रसिकांनी ते पाहिले ते या बातमीच्या छायेत.

मग वाचन बदलणारच. प्रस्थान म्हणजे चित्रकाराचे प्रस्थान, म्हातारीची शंका म्हणजे भाकीत, हिवाळा म्हणजे अखेर, असे सगळे एका ओळीत बसले. हे वाचन मोहक आहे, आणि त्याला चित्रातच एक आमंत्रण आहे हे मान्य केले पाहिजे. चित्राने निकाल राखून ठेवला होता. राखून ठेवलेली जागा मोकळी असते, आणि मोकळ्या जागेत प्रेक्षक आपल्याला माहीत असलेला निकाल आणून ठेवतो. ब्रॅम्लीच्या चित्रात असे करता येत नाही, कारण तिथे जागाच नाही. चित्र जितके अनिर्णित, तितके ते चरित्राच्या ताब्यात लवकर जाते. रोबेरच्या चित्राचे तसेच झाले.

८. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की चित्रकाराचे दुःख चित्रात उतरलेच असेल, मग ते अर्थात का धरू नये? उत्तर असे की निर्मितीचे कारण आणि कृतीचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोबेरच्या मनःस्थितीने कार्निव्हल बाजूला पडला असेल, रंग गंभीर झाले असतील, आकृती अधिक एकाकी झाल्या असतील. यातले जे चित्रात उतरले ते चित्रात दिसते, आणि चौथ्या भागात ते मोजले आहे. जे उतरले नाही ते मोजता येत नाही. मच्छीमार परतणार नाही हे चित्रात कुठेही नाही. ते फक्त चित्रकाराच्या बाबतीत खरे ठरले. रसशास्त्रात यालाच साधारणीकरणाचा आग्रह म्हणतात. भाव कोणा एका व्यक्तीचा राहिला तर तो लौकिक दुःख असतो. तो रस व्हायचा तर त्याला व्यक्तीच्या नावापासून सुटावे लागते. रोबेरच्या नावाशी बांधलेले प्रस्थान ही त्याच्याविषयीची सहानुभूती आहे, आणि ती रास्तही आहे. रसास्वाद मात्र वेगळा.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे. गरीब मच्छीमारांना शिल्पासारखे भव्य करून, त्यांची थंडी, कर्ज, भूक पुसून टाकून चित्रकाराने त्यांच्या कष्टांचे सौंदर्य विकले, असे म्हणता येईल. हा आक्षेप वजनदार आहे. न्यूलिनच्या चित्रकारांनी मच्छीमारांच्या घरात शिरून त्यांची भांडी, खिडक्या, कपडे रंगवले, त्या तुलनेत रोबेरचे मच्छीमार फार नीटनेटके आहेत. पण याची दुसरी बाजूही पाहावी. १८३० च्या दशकात एवढ्या मोठ्या आकारात, एवढ्या गांभीर्याने, मध्यभागी उभे राहण्याचा मान देवांना, राजांना आणि सेनापतींना होता. रोबेरने तो तांडेलाला दिला, आणि म्हातारीच्या शंकेला सेनापतीच्या चिंतेइतके वजन दिले. तपशिलात तो उणा पडतो, प्रतिष्ठा देण्यात पडत नाही. ब्रॅम्लीने मच्छीमाराच्या घराला खरेपणा दिला आणि त्याचबरोबर दुःखाचा निकालही दिला. त्याच्या चित्रातला मच्छीमार केवळ मेलेला माणूस आहे. रोबेरच्या चित्रात तो अजून कामावर निघालेला माणूस आहे.

९. निष्कर्ष

विवेचनातून चार गोष्टी निघतात. एक, मच्छीमार कुटुंबाच्या ताटातुटीला स्वतःचा असा एक रस नाही. गोल्दोनीने त्याच गावातून हास्य काढले. दोन, कौटुंबिक निरोपाचा भाव एका चेहऱ्यावर नसून पिढ्यांमधल्या अंतरात, आणि निघणाऱ्या व थांबणाऱ्या देहांच्या विरोधात असतो. रतीइतकेच वात्सल्य तिथे धरावे लागते. तीन, विप्रलंभ की करुण हे दुःखाच्या मापावर ठरत नाही. चौकटीत निकालाचे पुरावे आहेत की नाहीत यावर ठरते. या कसोटीवर रोबेर आणि आंकर एका बाजूला, इस्राएल्स आणि ब्रॅम्ली दुसऱ्या बाजूला जातात. चार, चित्राने राखून ठेवलेला निकाल चरित्रातून आणून भरणे ही समीक्षा नव्हे.

म्हणून रोबेरच्या चित्राविषयीचा निर्णय असा: ते विप्रलंभाचे चित्र आहे. त्याच्या गांभीर्याला करुण म्हणणे म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूची तारीख चित्रावर लिहिणे होय. रोबेर परतला नाही, पण त्याने रंगवलेल्या तांडेलाच्या परतण्याची आशा त्याने कुठेही खोडलेली नाही. ती खोडण्याचा अधिकार पाहणाऱ्यालाही नाही.